अल्जिनेटच्या गोळीत जिवंत पेशी

तपकिरी समुद्री शेवाळातून अल्जिनेट मिळतं. त्याच्या द्रावणात जिवंत पेशी मिसळून ते कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबाने सोडलं, की प्रत्येक थेंबाची भिजलेल्या साबुदाण्यासारखी गोळी होते. उष्णता नको, विषारी रसायन नको. म्हणूनच आतल्या पेशी जगतात!

१९८० साली लिम आणि सन या संशोधकांनी इन्सुलिन बनवणारे पेशीपुंज अशा गोळ्यांत बंद करून मधुमेही उंदरांच्या शरीरात सोडले. दोन ते तीन आठवडे त्यांची साखर ताब्यात राहिली. मला यातली सूक्ष्म छिद्रांची युक्ती फार आवडते: ग्लुकोज, ऑक्सिजन आत येतात, इन्सुलिन बाहेर पडतं, पण हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी बाहेरच अडतात.

खरी अडचण वेगळीच. शरीर गोळीभोवती तंतूंचं जाड आवरण विणतं आणि आतल्या पेशी प्राणवायूविना गुदमरतात. २०१६ मध्ये एमआयटीच्या लँगर-अँडरसन गटाने अल्जिनेटमध्ये रासायनिक बदल करून ते आवरण रोखलं. अशा गोळ्यांतल्या, मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी बीटा पेशींनी (म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनी) उंदरांची साखर १७४ दिवस सांभाळली, तीही प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध न देता.