बोटाची किल्ली झिजली तर?

पनवेलच्या बाजारात आता निम्मा गल्ला मोबाईलमध्येच असतो. तो बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय २०१३ साली आयफोन ५एसने लोकप्रिय केली. आज ती स्वस्त फोनमध्येही मिळते. पण आमच्या कारागीर बंधूंची अडचण वेगळीच आहे. सिमेंटने गवंड्याची, पॉलिश कागदाने सुताराची बोटे घासतात, ठशाच्या रेषा पुसट होतात. हात ओला वा तेलकट असला तरी फोन बोट ओळखत नाही, आणि गिऱ्हाईक समोर ताटकळते.

आमचे सांगणे एवढेच : कामात कमी घासणाऱ्या बोटाचा ठसा द्यावा, एकाच बोटाची नोंद दोनदा करावी, दुसऱ्या हाताचेही एक बोट नोंदवावे. पिन मात्र पाठ हवाच; फोन बंद करून पुन्हा चालू केला की आधी पिनच मागतो. झोपलेल्या माणसाचे बोट लावूनही फोन उघडता येतो. म्हणून पैसे पाठवण्याचा यूपीआय पिन फोनच्या पिनाहून वेगळा ठेवावा. पिन फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही.