खिंड : नाव आणि वाट

पर्वताची धार दोन शिखरांच्या मध्ये जेथे खोगिरासारखी खाली बसलेली असते, त्या स्थानास मराठीत सामान्यतः ‘खिंड’ म्हणतात. भूगोलाच्या दृष्टीने हे केवळ एक भूरूप होय. बोलणाऱ्याच्या मनात मात्र या शब्दाबरोबर येण्याजाण्याची वाटही गृहीत असते. हिमालयातील भाषांतही हाच प्रकार आढळतो. तिबेटीतील ‘ला’, कुमाऊंतील ‘धुरा’, चंब्याकडील ‘जोत’ आणि गढवाळातील ‘खाल’ ही पदे अनुक्रमे नथुला, ऊंटाधुरा, साच जोत, जहरीखाल या स्थलनामांत दिसतात. अशी नावे बहुधा मेंढपाळ, व्यापारी व यात्रेकरू यांच्या वहिवाटीने रूढ होतात. जेथून कोणी जात नाही, अशा बसक्या भागास नाव देण्याची गरज सहसा पडत नाही. भूरूप आणि वाट या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे बद्रीनाथ व केदारनाथ यांमधील जलविभाजकाच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

बद्रीनाथ अलकनंदेच्या काठी आहे, तर केदारनाथ मंदाकिनीच्या उगमाजवळ. या दोन नद्यांचा संगम पुष्कळ खाली, रुद्रप्रयाग येथे होतो. दोन्ही देवस्थानांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. परंतु रस्त्याने जाणाऱ्यास दोनशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. प्राचीन काळी एकच पुजारी एकाच दिवशी दोन्ही मंदिरांत पूजा करीत असे, अशी एक कथा या प्रदेशात प्रचलित आहे. पुढील काळातील परंपरा मात्र वेगळी दिसते : बद्रीनाथचे रावळ केरळातील नंबुद्री ब्राह्मण असतात, तर केदारनाथचे कर्नाटकातील वीरशैव.

ही कथा एरिक शिप्टन व एच. डब्ल्यू. टिलमन या गिर्यारोहकांना ठाऊक होती. १९३४ च्या पावसाळ्यात अंग थारके, पासंग व कुसांग या तीन साथीदारांसह ते बद्रीनाथहून सतोपंथ हिमनदीच्या माथ्याकडे निघाले. चौखंबा शिखराच्या परिसरातील, सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीचा धारेचा बसका भाग त्यांनी गाठला. अलकनंदेच्या बाजूने पाहता ती खिंडच होती. पलीकडे मात्र ढगांखाली भंगलेल्या हिमाचे उभे कडे होते. दोरांच्या साहाय्याने ते जसजसे उतरत गेले, तसतसे मागे फिरणे दुष्कर होत गेले.

बर्फ संपले, तरी संकट संपले नाही. मोसमी पावसाचा मारा या दक्षिण उतारावर प्रत्यक्ष होतो. त्यामुळे येथील ओढ्यांनी खोल घळी कोरल्या आहेत आणि तळाशी बांबूंचे निबिड रान माजले आहे. डोंगरावरून धावत येणारा प्रत्येक ओढा पुरामुळे वाट अडवी. तो ओलांडण्यासाठी झाडे तोडून पूल करावा लागे. दिवसभराच्या श्रमांनंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर मजल होई. शिधा सरत आल्यावर बांबूचे कोवळे कोंब व झाडांवरील अळिंबी यांवर निर्वाह करावा लागला. तेच कोंब अस्वलांचेही खाद्य होते. अखेर ते पाचही जण केदारनाथच्या बाजूच्या खोऱ्यातील एका खेड्यात सुखरूप पोहोचले.

या प्रवासाने ती कथा सर्वस्वी असत्य ठरली, असे म्हणणे घाईचे होईल. हिमनद्या शतकानुशतके स्थिर राहत नाहीत; आज जेथे कडा आहे, तेथे पूर्वी सुगम उतार असणे अशक्य नाही. परंतु कथेतून निश्चित काय सिद्ध होते, याचा विचार केला पाहिजे. ती दोन देवस्थानांच्या जवळिकीची साक्ष देते. नदीच्या खोऱ्यातून दीर्घ वळसा घालणाऱ्या यात्रेकरूस ही जवळीक आकाशातील रेषेप्रमाणे जाणवत असावी. तथापि वाटेची साक्ष निराळी असते. वाट म्हटली की तिच्यावरील मुक्काम, उतार, पाणवठे यांची नावे लोकांच्या तोंडी असतात. आपल्याकडे सह्याद्रीत धारेवरील ‘खिंड’ आणि तीव्र उताराची अरुंद ‘नाळ’ यांत भाषेने भेद केला आहे, तोही उतरणाऱ्या पायांना तो भेद जाणवला म्हणूनच.

स्थलनामे व लोककथा यांवरून प्राचीन मार्गांचा शोध घेणाऱ्यांनी हा विवेक बाळगणे अगत्याचे आहे. नकाशावर दोन खोऱ्यांमधील बसकी धार एकाच दृष्टिक्षेपात दिसते. परंतु तिला दोन बाजू असतात, आणि एका बाजूवरून दुसरीविषयी काहीही अनुमान काढता येत नाही. ‘खिंड’ या शब्दात दोन्ही उतारांची सुगमता गृहीत असते. ते गृहीत तपासल्याविना मार्ग निश्चित करणाऱ्या अभ्यासकाची चूक कागदावरच राहते. त्याच्या आधारे निघणाऱ्या प्रवाशाला मात्र ती प्राणांशी गाठ घालणारी ठरू शकते.