छोटा हत्ती कधी चालू होतो, कधी नाही : बॅटरी बदलण्याआधी हे बघा

व्हिडिओत सेल्फचे आवाज ऐकवले आहेत. त्यातला तपासणीचा भाग इथे सविस्तर लिहितो, म्हणजे गाडीजवळ उभं राहून मोबाईलवर वाचता येईल.

आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांची पहिली गाडी सेकंडहँड छोटा हत्ती असते. टाटाने २००५ मध्ये ही गाडी आणली आणि गल्लीबोळातला माल रिक्षावरून तिच्यावर आला. आता त्यातल्या कित्येक गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. अशी गाडी पूर्ण बंद पडली तर एक वेळ परवडतं. दुरुस्त करायचं काय ते समजतं. पण आठवड्यातून दोनदा चालू होत नाही, आणि मेस्त्री आला की पहिल्याच चावीला चालू होते, ही गाडी धंदा खाते. पार्ट बदलत राहायचे, बिलं भरत राहायची, आणि वेळेवर माल न पोचल्याने गिऱ्हाईक जातं ते वेगळंच.

बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घ्या. कडक भाकरी आणि शेंगदाणा चटणी, रोज सकाळी दहा-बारा दुकानांना पोच. गाडी सेल्फ घेईना म्हणून नवी बॅटरी टाकली. बारा दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. मग सेल्फ खोलून कार्बन बदलले, तीन आठवडे ठीक, पुन्हा तेच. "सर, कालच चालू होती की ओ!" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी विचारलं, बंद पडली तेव्हा गाडी गरम होती का थंड? आवाज काय आला? हेडलाइट मंद झाली का? यातलं काहीच कुणी बघितलं नव्हतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या, सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. बॅटरी बदलताना मेस्त्री काय करतो? जुनी टर्मिनल काढतो, घासतो, नवीन बॅटरीवर घट्ट आवळतो. सेल्फ काढताना त्याची जाड केबल सुटते, पुन्हा बसते, अर्थिंगची पट्टी हलते. म्हणजे खराबी जोडणीत असेल तर पार्ट बदलण्याच्या नादात ती काही दिवसांपुरती आपोआप बरी होते. आपण म्हणतो, बॅटरीच गेली होती बघा. मग महिन्याभरात जोडणीवर पुन्हा गंज चढतो आणि आपण पुढचा पार्ट बदलतो.

म्हणून पहिलं काम वहीचं. गाडीत एक छोटी वही ठेवा. चालू झाली नाही की चारच गोष्टी लिहा : वेळ, गरम का थंड, आवाज, लाइट मंद झाली का. ड्रायव्हर वेगळा असेल तर त्याला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. पाच-सहा नोंदी झाल्या की बऱ्याचदा गाडीच सांगायला लागते.

आता आवाजांचा अर्थ. चावी फिरवली, काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डचे दिवेही गेले, तर टर्मिनल सैल आहे किंवा मेन फ्यूजकडे बघा. दिवे आहेत पण सेल्फ गप्प, तर चावीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर. टकटकटक असा भराभर आवाज आला तर व्होल्टेज कमी पडतंय : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब. एकच जोरात 'टक' आणि पुढे शांतता, लाइट मात्र झगझगीत, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट, सेल्फचे कार्बन, जाड केबल किंवा अर्थिंग. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी-सेल्फचा नाद सोडा. डिझेल गाडी असेल तर हीटर प्लग आणि डिझेलची लाइन बघा. रात्रभर उभ्या गाडीत पाइपच्या जोडातून हवा शिरली की सकाळी हाच त्रास होतो.

वेळेचाही अर्थ असतो. सकाळी चालत नाही, धक्का दिला की दिवसभर ठीक, असं असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा रात्री काहीतरी करंट खातंय. बाहेरून बसवलेला टेप, कॅमेरा, एलईडी पट्ट्या आधी संशयित. पण सकाळी ठीक आणि तिसऱ्या-चौथ्या दुकानापाशी गाडी गरम असताना रुसते, तर ते बहुतेक सेल्फ, सोलेनॉइड किंवा जोडणीचं दुखणं. तांबं तापलं की त्याचा अडथळा वाढतो, ५० अंश जास्त तापलं तर साधारण पाचव्या हिश्शाने. आपल्या सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४० च्या वर पारा, बॉनेटखाली किंवा सीटखाली काय होत असेल बघा. जेमतेम चाललेली जोडणी अशा वेळी हात टेकते. बॅटरीचं पाणीही उन्हाळ्यातच आटतं. झाकणवाली बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर बघत चला, नळाचं पाणी घालू नका.

आता मीटर. काही शे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो, धंद्यात गाडी असेल तर घ्याच. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उतरली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ संपली. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जायला नको. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं दिसलं नाही तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा बघा. नवीन बॅटरी टाकून तिथे काहीच फरक पडणार नाही.

यानंतरची तपासणी गॅरेजमध्येही फार कमी लोक करतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दुसऱ्या माणसाला चावी मारायला सांगा आणि त्या दोन-तीन सेकंदांत आकडा बघा. पाव व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब. प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतही असंच मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. वायरी आणि सैल कपडे पंख्यापासून लांब ठेवा.

नुसती वायर 'टीं' वाजवून का तपासायची नाही? केबलच्या शंभर तारांपैकी चार शिल्लक असल्या तरी मीटर टीं वाजतोच. पण सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. अडथळा ओमच्या शंभराव्या भागाएवढा जरी असला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च. बॅटरी बिचारी नवीकोरी, आणि सेल्फला पोचतंय भलतंच कमी.

ताईंच्या वहीत सहापैकी पाच नोंदी 'गरम, एक टक, लाइट चांगली' अशा निघाल्या. मीटर लावला तर निगेटिव्ह बाजूला एक व्होल्टच्या वर. अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बोल्ट केली होती, तिथे रंगाखाली गंज. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत घासलं, नवीन पट्टी आणि वॉशर टाकले, वरून पेट्रोलियम जेली. खर्च आधीच्या बॅटरीच्या बिलापुढे काहीच नाही.

हे काम स्वतः करणार असाल तर निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या भोकात जाऊ देऊ नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे बिडी-सिगारेट लांब. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर चांगला सेल्फही जळेल. भरलेली गाडी ढकलायची वेळ आलीच तर आधी माल उतरवा. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, आणि मागून ढकलणाऱ्याला ते माहीत नसतं.

एवढं करूनही सापडलं नाही, तर गॅरेजला जाताना "गाडी चालू होत नाही" एवढंच सांगू नका. वही पुढे ठेवा, आकडे सांगा, आणि पार्ट बदलण्याआधी सेल्फ मारताना व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन याने खूशच होतो. जो मोजायलाच तयार नाही आणि "आधी बॅटरी टाकून बघू" म्हणतो, तिथून गाडी परत घ्या. काढलेला जुना पार्ट मात्र मागून घ्यायचा, बिलावर पार्टचं नाव आणि तारीख लिहून घ्यायची, आणि तीच तारीख वहीत टाकायची.