विश्वस्त नेमके कुणाचे?

चेन्नईत जन्मलेले ख्रिस्ती वक्ते रवी झकारियस मे 2020 मध्ये वारले. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात त्यांचे लैंगिक अत्याचार उघड झाले. 2017 मध्ये एका महिलेने आरोप केले, तेव्हा संस्थेच्या विश्वस्तांनी झकारियस यांच्याच शब्दावर भरवसा ठेवला. प्रश्न विचारणारे कर्मचारी मात्र बेइमान ठरले. दोष एका माणसाचा खरा, पण त्याला अभय दिले ते रचनेने: संस्थेला नाव त्याचे, कारभारात माणसे घरची. घरच्या भानगडी चव्हाट्यावर नकोत, विरोधकांना आयतेच कोलीत मिळते, असे भाविक म्हणतात. भीती खोटी नाही. पण इथे अब्रू गेली ती झाकपाकीनेच. राहता राहिली क्षमा. ती जरूर करावी, चौकशी बाहेरच्या माणसाकडून पुरी झाल्यावर.