आयसीयूतून सुटका... पण हॅण्डओव्हर झाला का?

चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्ट संपली म्हणून कोणी सरळ गेटबाहेर पडत नाही. ‘दोन नंबरचं मशीन गरम होतंय, लक्ष ठेव,’ असं पुढच्याच्या कानावर घालूनच पाय निघतो. जॉब बदलताना आपणही हॅण्डओव्हर देतोच की! मग एखादं लेकरू आयसीयूतून वॉर्डात येतं, तेव्हा?

घरच्यांना वाटतं, सुटलो बुवा! पण आयसीयूत एका नर्सकडे मोजकी मुलं असतात, वॉर्डात कितीतरी जास्त. रात्रीच्या ड्युटीला असतो रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारा, साधारण तुमच्याच वयाचा डॉक्टर. त्या मुलाला तो कदाचित पहिल्यांदाच बघतोय. एखादं औषध हळूहळू कमी करायचं होतं, हेच सांगायचं राहिलं तर?

म्हणून हॅण्डओव्हरही शिकवावा लागतो. त्याचा एक फंडा आहे, ‘आय-पास’. आजार किती गंभीर, थोडक्यात हकिगत, बाकी कामं, बिनसलं तर काय करायचं आणि शेवटी ऐकणाऱ्याने सगळं परत म्हणून दाखवायचं. अमेरिका-कॅनडातल्या ९ हॉस्पिटल्सच्या बालरोग रेसिडेंट्सना हे शिकवलं, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा धडा डिस्चार्जनंतरचा. व्हेंटिलेटरच्या नळीने आवाज बसलेला असू शकतो, गिळताना त्रास होतो, पायांत जोर नसतो, मूल रात्री दचकून उठतं. या त्रासांचा मुलांसाठीचा आराखडा २०१८ मध्ये मांडला गेला. त्यात आईबाबांचं टेन्शन आणि भावंडंही मोजली आहेत. हे सगळं विचारायला रेसिडेंटला शिकवलं, तरच तो विचारणार ना?

शिकायची जागाही आहे. २०२१ च्या बॅचपासून एमडीच्या विद्यार्थ्यांना ३ महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, आपलं ‘मिनी घाटी’, २०२० च्या कोविडमध्ये सगळ्यांना माहीत झालं. मोठ्या आयसीयूतून बरं झालेलं मूल शेवटी घराजवळच्या अशाच दवाखान्यात दाखवायला येतं. आयसीयूनंतरचं मूल कसं असतं, हे रेसिडेंटला इथेच कळेल.

आणि तुम्ही? भाच्याला घरी आणताना तीनच प्रश्न विचारा: कोणतं औषध कधीपर्यंत? काय दिसलं तर लगेच यायचं? पुढची तारीख कोणती? उत्तरं डॉक्टरांना परत म्हणून दाखवा. हॅण्डओव्हर पूर्ण!