इंटेरिअर डिझाइनच्या पदवीला अधिस्वीकृती कशी मिळते? पीअर रिव्ह्यूची ओळख

‘आमच्याकडे नॅकची टीम आली होती’ किंवा ‘आमच्या ब्रँचला एनबीए मिळाले’ अशी वाक्ये तुम्ही कॉलेजात ऐकली असतील. टीम येणार म्हटले की भिंतींना रंग लागतो, फायली लावल्या जातात आणि सगळ्यांची धावपळ उडते. या गडबडीत मूळ प्रश्न बाजूला राहतो: एखादा अभ्यासक्रम चांगला आहे हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? या पाठात आपण इंटेरिअर डिझाइनच्या पदवीचे उदाहरण घेऊन हा प्रश्न समजून घेऊ. उदाहरण अमेरिकेतले आहे, कारण खास या विषयासाठीची अधिस्वीकृती तिथे १९७० पासून चालत आलेली आहे.

१. दोन संज्ञा

अधिस्वीकृती म्हणजे बोलीभाषेतले ॲक्रेडिटेशन. अभ्यासक्रम ठरलेल्या मानकांच्या कसोटीला उतरतो, असे बाहेरच्या संस्थेने तपासून जाहीर करणे, हा तिचा अर्थ. ती संपूर्ण संस्थेला मिळते किंवा एकाच अभ्यासक्रमाला. आपल्याकडे नॅक कॉलेज किंवा विद्यापीठ तपासते, तर एनबीए एकेक अभ्यासक्रम तपासते.

पीअर रिव्ह्यू म्हणजे त्याच क्षेत्रात शिकवणाऱ्या किंवा काम करणाऱ्या जाणकारांनी केलेली पारख. सोन्याची पारख सोनाराने करावी, तसेच हे.

२. इंटेरिअर डिझाइनला याची गरज काय?

‘पडदे आणि सोफे निवडायला अधिस्वीकृती कशाला?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर एका दुर्घटनेत सापडते. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टन शहरातल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे दगावली. आतली सजावट सहज पेट घेणारी होती. मुख्य प्रवेशाचे फिरते दार गर्दीने अडकले. इतर काही दारांना कुलपे होती, तर काही आतल्या बाजूला उघडणारी असल्याने रेट्यामुळे उघडलीच नाहीत. सजावटीचे साहित्य, दार उघडण्याची दिशा, बाहेर पडण्याचा मार्ग या साऱ्या इमारतीच्या आतल्या भागाच्या गोष्टी आहेत. म्हणूनच हा विषय शिकलेल्या पदवीधराला नेमके काय यायला हवे, हा लोकांच्या जिवाशी निगडित प्रश्न ठरतो.

३. ही अधिस्वीकृती देते कोण?

१९७० साली फायडर नावाची संस्था स्थापन झाली. २००६ मध्ये तिचे नाव कौन्सिल फॉर इंटेरिअर डिझाइन ॲक्रेडिटेशन असे झाले. तिला थोडक्यात सीडा म्हणतात. तिचे कार्यालय मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात आहे. ती सरकारी खाते नाही, ना-नफा तत्त्वावर चालणारी स्वतंत्र संस्था आहे. किमान बॅचलर पदवीपर्यंत नेणारे अभ्यासक्रमच ती तपासते आणि त्यासाठी अर्ज करणे ऐच्छिक असते.

सीडाच्या २०२२ च्या मानकांची संख्या १६ आहे. पहिली ३ मानके अभ्यासक्रमाची ओळख, शिक्षकवर्ग आणि साधनसुविधा यांविषयी आहेत. उरलेली १३ विद्यार्थ्याला काय यायला हवे ते सांगतात: डिझाइनची प्रक्रिया, इतिहास, प्रकाश आणि रंग, साहित्य, बांधकाम, नियम इत्यादी.

४. प्रक्रियेचे टप्पे

(अ) स्व-मूल्यांकन: विभाग स्वतःच आपली तपासणी करतो. प्रत्येक मानक आपण कुठे आणि कसे पूर्ण करतो, कुठे कमी पडतो, याचा अहवाल लिहितो.

(आ) भेट: साधारण तिघांचे पथक काही दिवसांसाठी येते. त्यात प्राध्यापक आणि प्रत्यक्ष व्यवसाय करणारे डिझायनर असे दोन्ही प्रकारचे लोक असतात. ते प्रशिक्षित असतात, पण काम स्वयंसेवक म्हणून करतात. ज्यांचे त्या कॉलेजशी हितसंबंध आहेत, त्यांना पथकात घेत नाहीत.

(इ) अहवाल: पथक आपली निरीक्षणे लिहून देते. त्यावर म्हणणे मांडण्याची संधी विभागाला मिळते.

(ई) निर्णय: अंतिम निर्णय पथकाचा नसतो, तो सीडाच्या अधिस्वीकृती आयोगाचा असतो. आयोग स्वतंत्रपणे कागदपत्रे पाहून ठरवतो. मान्यता मिळाली तर ती ६ वर्षांसाठी असते. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून तपासणी होते.

यातला चौथा टप्पा नीट लक्षात घ्या. पाहणारे वेगळे आणि ठरवणारे वेगळे. त्यामुळे पथकातल्या एखाद्याचे मत फार कडक किंवा फार मवाळ असले, तरी निकाल त्या एकट्यावर अवलंबून राहत नाही.

५. पुरावा कशाला म्हणायचे?

या पद्धतीचा गाभा इथे आहे. ‘आमच्या सिलॅबसमध्ये अग्निसुरक्षा आहे’ एवढे सांगून चालत नाही. सीडाचे १६ वे मानक नियम आणि मार्गदर्शक तत्त्वांविषयी आहे. पथक ते कसे तपासेल? ते विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रोजेक्टची ड्रॉइंग उघडेल. समजा, रेस्टॉरंटचा आराखडा आहे. बाहेर पडण्याचे मार्ग दाखवले आहेत का? दार कोणत्या बाजूला उघडते? चाकाच्या खुर्चीला वळायला जागा आहे का? छताला निवडलेले साहित्य आगीत कसे वागेल याचा विचार दिसतो का?

वर्गातल्या दोन हुशार मुलांच्या ड्रॉइंगमध्ये हे सगळे असले, तरी पुरत नाही. बहुतेक विद्यार्थ्यांच्या कामात ते दिसायला हवे. आपल्या परीक्षेत मोजले जातात एकेका विद्यार्थ्याचे गुण. अधिस्वीकृतीत परीक्षा असते शिकवण्याची, आणि उत्तरपत्रिका म्हणजे संपूर्ण वर्गाचे काम. जेमतेम पास होणाऱ्या विद्यार्थ्यानेही दार योग्य बाजूला उघडायला हवे, कारण तोही उद्या कोणाची तरी जागा डिझाइन करणार आहे.

६. मर्यादा

पीअर रिव्ह्यू निर्दोष नाही. आज जो तपासतो, त्याचाच विभाग उद्या तपासला जाणार असतो, म्हणून एकमेकांना सांभाळून घेण्याचा मोह असतो. काही दिवसांत पथकाला जे दाखवले जाते, त्यावर बरेच अवलंबून असते. शिवाय मानके किमान पातळी सांगतात, उत्कृष्टता नव्हे. तरीही पर्याय कोणता? विषयाबाहेरच्या माणसाला खोल्या आणि संगणक मोजता येतील, पण ड्रॉइंग वाचून त्यातली चूक जाणकारालाच दिसेल.

७. भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार आर्किटेक्टची नोंदणी होते. इंटेरिअर डिझायनरसाठी तशी देशव्यापी वैधानिक नोंदणी नाही. त्यामुळे पदवीला प्रवेश घेताना विद्यार्थ्यानेच चौकशी करावी लागते. ‘कॉलेजला नॅकची कोणती श्रेणी आहे?’ एवढेच विचारून थांबू नका. श्रेणी संस्थेची असते, तुमच्या अभ्यासक्रमाची नव्हे. शेवटच्या वर्षाच्या मुलांची ड्रॉइंग पाहायला मागा, पहिल्या क्रमांकाची नव्हे तर मधल्या मुलांची. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही आपल्या विभागात हेच करून पाहावे.

स्वाध्याय

१. संस्थेची अधिस्वीकृती आणि अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती यांतील फरक उदाहरणासह लिहा.
२. भेट देणारे पथक आणि निर्णय घेणारा आयोग वेगळे ठेवल्याने काय साधते?
३. तुमच्या शाखेतले एक कौशल्य निवडा. ते बहुतेक विद्यार्थ्यांना आले आहे हे दाखवण्यासाठी तुम्ही पथकापुढे कोणता पुरावा ठेवाल?