मुखवट्याचे नाणे : रोमचे की उज्जयिनीचे?

पांढुर्णा-सौंसरकडील जुन्या घरांतून लक्ष्मीपूजनाच्या तबकात पिढ्यान्‌पिढ्या पुजलेली नाणी असतात. त्यांतले एखादे चांदीचे, राजमुखाचे नाणे ‘हे रोमचे’ म्हणून माझ्या हाती दिले जाते. समज अगदीच निराधार नाही. रोमचे धन हिंदुस्थान दरसाल ओढून नेतो, अशी तक्रार पहिल्या शतकात प्लिनीने केली. आणि भडोच बंदरी रोमन नाणी नफ्याने बदलली जातात, असे एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्दही रोमच्या ‘डिनेरियस’वरूनच आला.

मग ओळखावे कसे? प्रथम तराजू घ्यावा. ऑगस्टस व टिबेरियस यांचे चांदीचे नाणे सुमारे पावणेचार ग्रॅम भरते. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने वजन आणि चांदीचा कस दोन्ही घटविले. नंतर पाठ पाहावी. हिंदुस्थानात विपुल सापडलेले प्रकार दोनच : ऑगस्टसच्या नाण्यावर ढाली-भाले घेऊन उभे असलेले त्याचे दोन दत्तक नातू, आणि टिबेरियसच्या नाण्यावर राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री. भोवती लॅटिन अक्षरे असतात.

आपले नाणे मात्र जेमतेम दोन ग्रॅमचे, नखाएवढे आणि जाडसर असेल, पाठीवर तीन कमानींचा डोंगर व भोवती ब्राह्मी लेख असेल, तर ते पश्चिम क्षत्रपांचे समजावे. या घराण्याच्या चष्टनाची राजधानी आपली उज्जयिनीच. त्यांच्या नाण्यांवर मुखाभोवती मोडकी ग्रीक अक्षरे असतात. फसगत होते ती त्यांमुळेच. पांढुर्णा ज्यातून २०२३ साली वेगळा झाला, त्या छिंदवाडा जिल्ह्यातील सोनपूर येथे अशा नाण्यांचा साठाच मिळाला होता.

रोमचे नाही म्हणून कोणी खट्टू होऊ नये. पुढच्या क्षत्रपांनी मुखामागे शकवर्ष कोरले आणि लेखात स्वतःबरोबर पित्याचेही नाव दिले. त्यावरूनच संशोधकांना त्यांची वंशावळ वर्षवार लावता आली. चिंच लावून नाणे घासले की ते बारीक आकडे झिजतात. सोनाराच्या मुशीत तर सारेच संपते. म्हणून नाणे घासू नये, मोडीत घालू नये. जमिनीत साठा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. घरातले नाणे तबकात सुखाने राहू द्यावे; फक्त यंदा पूजेपूर्वी एकदा भिंगाखाली धरून पाहावे.